होडी गळते, वॉरंटी कार्ड मात्र कोरडं

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान ‘धंद्यासाठी घेतलेली वस्तू’ हा भाग तरी वाचा. तो मी स्वतः वेळेत वाचला नाही आणि त्याची किंमत माझ्या आतेभावाने मोजली.

माझ्या आतेभावाने गेल्या दसऱ्याला फायबरची एक छोटी होडी घेतली. दोन्ही टोकं निमुळती, वल्ह्याने चालवायची, इंग्रजीत जिला ‘कनू’ म्हणतात तशी. सकाळी खाडीत जाळं टाकायचं, दुपारनंतर पर्यटकांना कांदळवनातून फिरवून आणायचं, असा साधा हिशेब. पैसे थोडे साठवलेले, थोडे पतपेढीचे. डिसेंबरात तळाला बारीक फोड दिसायला लागले, अंगावर घामोळं उठतं तसे. जानेवारीत तळाच्या मधोमध तडा गेला. त्याचा फोन आला तेव्हा मी एका ग्रामसभेची बातमी लिहीत होतो. एवढंच म्हणाला, “अरे, होडी गळता.”

वॉरंटी कार्ड होतं. तळाला चोवीस महिने, असं ठळक अक्षरात. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजीत बाकीचं: व्यावसायिक वापर केल्यास हमी लागू नाही, होडी जास्त काळ उन्हात ठेवल्यास लागू नाही, दुरुस्तीसाठी होडी स्वखर्चाने कारखान्यात आणावी, वाद झाल्यास आमच्या शहरातल्याच कोर्टात. कारखाना दुसऱ्या राज्यात. होडी उन्हात ठेवायची नाही तर काय बेडरूममध्ये ठेवायची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला कंपनीशी बोला, कंपनी म्हणाली विक्रेत्याशी बोला. नंतर कंपनीने कुरिअरने काय पाठवलं? फायबरच्या कापडाचा एक तुकडा आणि चिकटवायची ट्यूब.

कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. कमेंटमध्येही कुणी अंदाज बांधू नका, प्लीज.

तक्रारीचे कागद करताना मी जे वाचत गेलो त्यातून ही पोस्ट झाली. सुरुवात एका वकील मित्राच्या थट्टेने झाली. तो म्हणाला, “तुझ्या भावाला हमुराबीकडे पाठव.”

हमुराबी म्हणजे बॅबिलोनचा राजा, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. त्याचे कायदे कोरलेला काळा दगड १९०१-०२ मध्ये इराणातल्या सुसा इथे सापडला आणि आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ‘डोळ्याला डोळा’ एवढंच आपण शाळेत शिकलो. पण त्यात दोनशे चौतीस आणि दोनशे पस्तीस क्रमांकाची कलमं होडीची आहेत. पहिल्यात मजुरी ठरवून दिली आहे: साठ गुर मापाची होडी बांधली तर कारागिराला दोन शेकेल चांदी. दुसऱ्यात असं आहे की कारागिराने काम नीट केलं नाही आणि त्याच वर्षात होडीत दोष निघाला, तर त्याने ती होडी उलगडून स्वतःच्या खर्चाने पुन्हा मजबूत बांधून मालकाला द्यायची.

एक वर्ष. कारागिराच्या खर्चाने. उन्हात ठेवली होती का, धंद्याला वापरली का, काही विचारणा नाही. युफ्रेटिसवरच्या होड्या तरी काय सावलीत ठेवत असतील का?

आपल्याकडेही हा विषय जुना आहे. धर्मशास्त्रात ‘क्रीतानुशय’ नावाचं स्वतंत्र प्रकरणच आहे, म्हणजे खरेदीचा पश्चात्ताप. मनुस्मृतीत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही दहा दिवसांत सौदा फिरवायची मुभा आहे. याज्ञवल्क्याने तर वस्तूगणिक पारखायची मुदत लावून दिली: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. बियाण्याला सर्वांत लांब मुदतींपैकी एक का, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बी उगवतं की नाही हे पेरल्याशिवाय कळत नाही. त्याच यादीत दासदासींचीही मुदत आहे. ते वाचून पोटात ढवळतं, पण आहे ते आहे, लपवून उपयोग नाही.

मला जास्त आवडला तो कौटिल्य. अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ हा अधिकारी आहे, सगळ्या होड्या, तरी आणि बंदरांवर देखरेख करणारा. माणसं कमी होती, साहित्य अपुरं होतं किंवा होडीची डागडुजी केलेली नव्हती, आणि त्यामुळे होडी बुडाली, तर झालेलं नुकसान नावध्यक्षाने भरून द्यायचं, असा नियम आहे. म्हणजे खात्याचा अधिकारी नुकसानीला जबाबदार. आमच्या तालुक्यातल्या जेट्ट्यांची अवस्था पाहता हा नियम परत आणावा असं माझं मत आहे. पण तो आजचा विषय नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? ब्रिटिशांबरोबर त्यांचा बाजाराचा नियम आला: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, नंतर रडू नये. याचं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण १६०३ मधलं. लंडनच्या एका सोनाराने ‘बेझोअर’ म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. जनावराच्या पोटातला हा खडा विषावर उतारा समजला जायचा. खडा खोटा निघाला. घेणारा कोर्टात हरला, कारण सोनाराने ‘हा बेझोअर आहे’ असं नुसतं म्हटलं होतं, ‘मी हमी देतो’ असं म्हटलं नव्हतं! चारशे वर्षं झाली, पण हे लॉजिक मी गेल्या फेब्रुवारीत फोनवर पुन्हा ऐकलं. “सर, ब्रोशरमध्ये समुद्राचा फोटो आहे, पण खाऱ्या पाण्याची हमी आम्ही कुठे दिली आहे?”

हा नियम बदलला तो हळूहळू, आणि गंमत म्हणजे बदल घडवणारं एक मोठं प्रकरण पुन्हा जहाजाचंच आहे. १८२९. जोन्स विरुद्ध ब्राइट. त्या काळात लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून वाचवायला. जोन्सने तांब्याच्या उत्पादकाला सांगितलं की मला जहाजासाठी पत्रे हवेत. एरवी वर्षानुवर्षं टिकणारं तांबं चार महिन्यांत खाऊन गेलं. उत्पादक म्हणाला, मी मुद्दाम वाईट माल दिला नाही. कोर्ट म्हणालं, प्रश्न तुझ्या मनाचा नाही. कशासाठी हवं ते तुला सांगितलं होतं, तर त्या कामाला योग्य असा माल देणं ही हमी त्यातच आली, वेगळी लिहून दिली नाही तरी.

हा विचार पुढे इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यात आला आणि तिथून आपल्या माल विक्री कायद्यात, म्हणजे १९३० च्या सेल ऑफ गुड्स अॅक्टमध्ये. त्याचं कलम १६ प्रत्येकाने वाचावं. घेणाऱ्याने हेतू सांगितला, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली आणि तो माणूस तसल्याच वस्तू विकणारा असला, तर वस्तू त्या कामाला लायक असलीच पाहिजे. हमीचं कार्ड असो वा नसो.

पण याच कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या दुकानदारांना माहीत असतात आणि आपल्याला नसतात. एक म्हणजे ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ यांतला फरक. शर्त मोडली तर वस्तू परत करून पैसे मागता येतात. वॉरंटी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, वस्तू तुमच्याच गळ्यात. म्हणजे कायद्याच्या भाषेत वॉरंटी ही दुय्यम हमी आहे! आपण तो शब्द केवढा कौतुकाने उच्चारतो. दुसरी गोष्ट कलम ६२. दोघांच्या करारात उलटं ठरलं असेल तर ही न लिहिलेली हमी काढून टाकता येते. आता तुमच्या लक्षात येईल की कार्डाच्या मागे एवढं बारीक का छापतात. पुढची बाजू हमी देते, मागची बाजू कायद्याने जी आपोआप मिळाली असती तीसुद्धा काढून घेते.

अमेरिकेत हे मोटारींच्या बाबतीत उघडं पडलं. १९५५ च्या मे महिन्यात एका माणसाने बायकोसाठी नवी प्लिमथ गाडी घेतली. दहा-बारा दिवसांत स्टिअरिंग हातातून गेलं, गाडी भिंतीवर, बाई जखमी. कार्डावर होतं की नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, यांत खराब पार्ट बदलून देऊ. बाकी कसलीही जबाबदारी नाही. आणि सगळ्या मोठ्या कंपन्यांचं कार्ड एकसारखंच, कारण त्यांच्या संघटनेनेच ते ठरवलेलं. म्हणजे दुसऱ्या दुकानात जाऊनही उपयोग नाही. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या कराराला ग्राहक नाही म्हणूच शकत नाही, त्यातली ही सुटका चालणार नाही.

आपल्याकडे त्याला अजून बराच अवकाश होता. पण महाराष्ट्राने इथे पुढाकार घेतला हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, दुसऱ्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. टंचाई आणि भेसळीचा काळ. लोक एकत्र येऊन घाऊक माल आणायचे, वाटून घ्यायचे. त्या चळवळीतून आणि देशभरच्या अशाच रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. या दिवशी तहसील कार्यालयात कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, नारळ-शाल होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. त्या चार ओळी कित्येक वर्षं मीच लिहितोय. ‘मान्यवरांनी मार्गदर्शन केले.’ काय मार्गदर्शन केलं ते मी कधी नीट ऐकलं नाही, हे कबूल करतो.

कारण ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

आता ‘धंद्यासाठी घेतलेली वस्तू’. जानेवारीत भावाने विचारलं, ग्राहक कोर्टात जाऊया का? मी पत्रकार, डिप्लोमावाला, घरात सगळे मलाच विचारतात. मी ऐटीत सांगितलं, “नाही होणार. तू पर्यटक फिरवतोस, पैसे घेतोस. व्यावसायिक वापर. कार्डावरही तेच आहे.” त्याने ऐकलं. तो चार महिने गप्प बसला. मार्च, एप्रिल, मे, म्हणजे पर्यटनाचा सगळा हंगाम त्याने दुसऱ्याच्या बोटीवर रोजाने काढला.

मी चुकीचं सांगितलं होतं. १९८६ च्या मूळ कायद्यात ‘व्यावसायिक हेतूने’ वस्तू घेणारा ग्राहक नाही, एवढंच होतं. त्याचा फायदा घेऊन विक्रेते प्रत्येक रिक्षावाल्याला, शिंपिणीला बाहेर काढायला लागले. म्हणून १९९३ मध्ये स्पष्टीकरण जोडलं गेलं: वस्तू स्वतः वापरून, स्वयंरोजगारातून, फक्त उपजीविकेसाठी वापरत असाल तर तो व्यावसायिक हेतू धरायचा नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा. महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाने कोइमतूरच्या संस्थेकडून संगणकीय लेथ मशीन मागवलं. उशिरा आलं, दोष निघाले. त्यात न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डींनी फरक समजावताना अगदी आपल्या रस्त्यावरची उदाहरणं दिली. टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा, रिक्षा स्वतः चालवणारा, ट्रक घेऊन स्वतः वाहतूक करणारा हे ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो हक्क जात नाही. पण गाडी घेऊन ती दुसऱ्यांकडून चालवून घेत असाल, तर नाही. खरं काय आहे ते प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरेल. एक गोष्ट लपवत नाही: तो लघुउद्योग स्वतः मात्र हरला, त्याचं मशीन व्यावसायिक हेतूचं ठरलं. म्हणजे हा निकाल दोन्ही बाजूंनी कापतो. समोरचा वकील त्याचा शेवट वाचून दाखवतो, आपण मधला भाग वाचून दाखवायचा.

माझ्या भावाची होडी एक. वल्हं त्याच्याच हातात. गर्दीच्या दिवशी मेव्हणा मदतीला. रिक्षावाला ग्राहक असेल तर हा का नाही?

२०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही हे स्पष्टीकरण तसंच आहे. आणि त्यात आमच्यासारख्या आडगावच्यांसाठी मोठी सोय आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ‘आमच्या शहरातल्याच कोर्टात’ वाली ओळ वाचून घाबरू नका. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. उत्पादकावर थेट ‘उत्पादन दायित्व’ टाकणारं वेगळं प्रकरणही या कायद्यात आलंय. मुदत मात्र दोन वर्षं, कारण घडल्यापासून. फोनवर ‘बघतो, करतो’ ऐकत बसलात तर ती सरकत जाते. आधी बोलून बघायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

दोष सिद्ध कसा करायचा, हा खरा कस लागतो. मी भावाला घेऊन गावातल्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. हे लाकडी होड्या बांधणारे, आता वय झालंय, हात थरथरतात. त्यांनी तळावर बोटाच्या पेराने टकटक करत पूर्ण होडी तपासली. चांगल्या जागी आवाज कडक, फोडांच्या जागी भदभद. म्हणाले, “हिच्या पोटात हवा हा.” नंतर फायबरचं काम करणाऱ्या एका मुलाने त्याचा अर्थ सांगितला. काचेच्या तंतूंच्या कापडाचे थर राळेसारख्या रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवतात. रोलर नीट फिरवला नाही तर मध्ये हवा राहते; हार्डनरचं माप चुकलं किंवा दमट हवेत घाईने काम केलं तर रेझिन पूर्ण पिकत नाही. मग पाणी वरच्या चकचकीत थरातून हळूहळू आत झिरपतं, आतल्या कच्च्या रेझिनशी त्याची क्रिया होते आणि फोड येतात. खडकावर आपटून गेलेला तडा वेगळा दिसतो, त्याला बाहेरून मार लागल्याची खूण असते. आमच्या तड्याला तशी खूण नाही.

मेस्त्रींचं म्हणणं कोर्टात पुरावा म्हणून किती टिकेल देव जाणे. पण कायद्यात सोय आहे, दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तसा अर्ज आम्ही केलाय. म्हणूनच ती ट्यूब आणि कापड तसंच ठेवलंय, वापरलं नाही. स्वतः चिकटवलं असतं तर उद्या म्हणाले असते की तुम्हीच बिघडवली.

निघताना मेस्त्रींना विचारलं, तुमच्या वेळी होडी गळली तर काय करायचात? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, पहिल्या पावसानंतर होडी परत माझ्याच अंगणात यायची, सांधे सुटले असतील तिथे कापूस नि राळ भरून द्यायचो. पैसे? “पैसे कसले, माझीच होडी ती. जत्रेला तोंड दाखवायचा होता माका.”

मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली त्यांचंही असंच असावं. १८१७ मध्ये तिथे पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतंय, दोनशे वर्षं उलटून गेली. पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. जत्रेच्या लाजेवर चालणारी हमी गावाच्या वेशीपर्यंतच पोचते. दुसऱ्या राज्यातला कारखानदार आमच्या जत्रेला येत नाही. त्याला नोटिशीचीच भाषा कळते, तीही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली तर.

आम्ही जूनमध्ये नोटीस पाठवली. उत्तर आलं की ‘सद्भावनेने’ दहा टक्के परत देतो, पुढे तक्रार न करण्याच्या अटीवर. भाव तयार होता. पतपेढीचा हप्ता डोक्यावर असला की दहा टक्केही दिसतात. या वेळी मी सल्ला दिला नाही, कलमं छापून त्याच्या हातात दिली. दोन दिवसांनी त्यानेच सांगितलं, लढूया.

तक्रार दाखल झाली आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात. त्यांच्या लेखी उत्तरात पहिला मुद्दा अपेक्षेप्रमाणे तोच आहे: तक्रारदार ग्राहक नाही.

आता कामाचं. आपल्या किनाऱ्यावर कुणाकडे गेल्या दोन वर्षांत घेतलेली अशीच दोन्ही टोकं निमुळती फायबरची होडी असेल आणि तळाला असेच फोड असतील, तर कमेंटमध्ये नाव न लिहिता मला मेसेज करा. बिल, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि तळाचा फोटो, शक्यतो दिवसाउजेडी काढलेला. दोष एकाच होडीत आहे की साच्यातच आहे, हे त्यावरून ठरेल. आणि हो, कुणी ट्यूब लावायला काढली असेल तर आधी फोटो काढा.